फ्लॅट विकून जाताना सोसायटीची कमिटी अडवते आहे: काय देणं लागतो, काय नाही?

शमिका_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यातला आमचा टू बीएचके विकून आम्ही नाशिकला जातोय. सासूबाईंना आता एकटीने झेपत नाही, मुलीची दहावीही आटोपली, त्यामुळे जूनच्या आत बिऱ्हाड हलवायचं आहे. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, टोकन झालं. घेणारं जोडपं तरुण आहे, गृहकर्ज काढणार आहेत. त्यांच्या बँकेला सोसायटीचं ना हरकत पत्र (एनओसी) हवं आहे आणि गाडी तिथेच अडली आहे.

अर्ज घेऊन ऑफिसात गेले तेव्हा सेक्रेटरींनी जुन्या मेंटेनन्स बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनाने आकडे लिहून दिले. ट्रान्सफर प्रीमियम २५,०००. विकासनिधी १,५०,०००. सामान हलवण्याचे १०,०००. खिडकीला बाहेरून ग्रिल लावल्याचा दंड १५,०००. खाली दोन रेघा मारून एकूण २,००,०००. सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. "हे भरा, मग पत्र टाइप करायला सांगतो."

आमचा मेंटेनन्स एक रुपयाही थकलेला नाही. ग्रिल आम्ही राहायला आल्यापासून आहे आणि निम्म्या बिल्डिंगला तसंच आहे. हीच मंडळी वर्षानुवर्षं कमिटीत आहेत. गॅलरीत गादी वाळत घातली तरी नोटीस, मुलीच्या मैत्रिणी आल्या की गेटवर उलटतपासणी. आजवर सहन केलं, कारण इथेच राहायचं होतं.

नवरा म्हणतो, जाताना कशाला वाकडं घ्यायचं, देऊन टाकू. मला ते पटत नाही. दोन लाख म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही. यातलं खरोखर देणं कोणतं आणि न देता पत्र कसं मिळवायचं? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केदार_डोंबिवली

२५,०००च्या वर एक दमडी देऊ नका. महानगरपालिका हद्दीत प्रीमियमची ती कमाल मर्यादा आहे, शासनाचाच आदेश आहे. विकासनिधी वगैरे सगळं बेकायदेशीर.

आबा_चिंचवड

कायदा केदार सांगतात तसाच आहे, पण मी नवऱ्याच्या बाजूने. टोकन झालंय, घेणाऱ्याची बँक थांबणार नाही, कर्जमंजुरीला मुदत असते. तुम्ही तक्रार करणार, उपनिबंधक (सहकार खात्याचे अधिकारी) सुनावणीची तारीख देणार, तोवर गिऱ्हाईक दुसरा फ्लॅट बघणार. घासाघीस करून दीड लाखाचे पन्नास हजार करा आणि निघा. मनस्तापालाही किंमत असते.

मेधा कुलकर्णी

आबा, असं म्हणूनच या लोकांचं फावतं. जाणारा माणूस घाईत असतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाकी वर्षभर ते कुणाकडे दीड लाख मागतील का?

सहकारमित्र

शमिकाताई, आधी एक विचारतो. तुमची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? तुमच्याकडे भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आहे की डीड ऑफ अपार्टमेंट? दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. संस्था १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते, अपार्टमेंट १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावतात.

शमिका_ठाणे

सोसायटीच आहे. भागदाखला आहे, पाठीमागे आमच्या नावाची नोंदही झालेली आहे. कर्ज फिटलं तेव्हा बँकेकडून मूळ प्रत परत आणली होती.

सहकारमित्र

मग काम बरंच सोपं आहे. सविस्तर लिहितो, मी बरीच वर्षं संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम केलं आहे.

आदर्श उपविधींमधला (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीतला) ३८ क्रमांकाचा उपविधी उघडा. तुमच्या संस्थेने हेच उपविधी स्वीकारलेत का, तेवढं पाहून घ्या. बहुतेक ठिकाणी तेच असतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की भाग आणि हितसंबंध (म्हणजे फ्लॅट आणि सभासदत्व) हस्तांतरित करायला संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला तो हवा असेल तर अर्ज करायचा आणि समितीने महिन्याभरात गुणवत्तेवर विचार करायचा. विकणाऱ्याने एवढंच करायचं असतं की १५ दिवस आधी संस्थेला हस्तांतरणाची सूचना द्यायची, सोबत घेणाऱ्याची संमती जोडायची.

आता पैसे. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये. प्रीमियम सर्वसाधारण सभा ठरवील तो, पण ९ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशातल्या मर्यादेत: महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००, 'अ' वर्ग नगरपालिकेत २०,०००, 'ब' वर्गात १५,०००, 'क' वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. ही कमाल मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेने ठरावच केलेला नसेल तर २५,०००चा आग्रहसुद्धा कशाच्या आधारे, असं विचारता येतं. घरातल्या माणसाच्या किंवा वारसाच्या नावावर होत असेल तर प्रीमियम लागतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: देणगी किंवा इतर कुठल्याही निधीच्या नावाखाली, कुठलीही सबब सांगून, विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून जादा रक्कम घेता येणार नाही, हे त्याच उपविधीत लिहिलेलं आहे. तुमचा विकासनिधी तिथेच निकालात निघतो.

दंडाचं वेगळं. उपविधींचा भंग झाला तर दंड करता येतो, पण आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं म्हणणं ऐकणं आणि तो दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला असणं आवश्यक. वर्षाला ५,०००च्या पुढे जाता येत नाही. नोटीस न देता विक्रीच्या दिवशी एकदम १५,००० काढणं हा दंड नव्हेच.

नेरुळचा_राजा

सहकारमित्रांनी छान लिहिलंय, फक्त एक भर. "एनओसी लागत नाही" हे वाचून नवी मुंबईतल्यांनी हुरळून जाऊ नये. आमच्याकडे जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची. तिथे सिडकोची परवानगी घ्यावी लागते आणि तिचं शुल्कही खरंखुरं भरावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरच्या मुंबईतल्या सोसायट्यांचंही तसंच. आधी सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघा, मग कमिटीशी वाद घाला.

बँकेतली_बाई

मूळ अडचण इथे कुणी अजून नीट मांडली नाही, म्हणून लिहिते. कायद्यात एनओसी लागत नाही हे खरं. पण बँकेला लागते. का, तर बँकेला खात्री हवी असते की विकणारा हाच नोंदीतला सभासद आहे, त्याची थकबाकी नाही आणि आपल्या कर्जाचा बोजा सोसायटीच्या रजिस्टरवर चढेल. उद्या घेणाऱ्याने हप्ते थकवले, तर तोच फ्लॅट विकून वसुली करायची असते. म्हणजे कायद्याने कमिटीच्या हातून जी किल्ली काढून घेतली, ती बँकेच्या नमुन्यामुळे पुन्हा तिच्याच हातात येते. सगळी खंडणी या फटीत चालते.

म्हणून आमच्या शाखेत मी घेणाऱ्यांना एकच सांगते: "एनओसी मिळत नाही" एवढं तोंडी सांगून परत येऊ नका. पोच असलेला अर्ज, भागदाखल्याची प्रत, आधीच्या खरेदीखतांची साखळी, शेवटच्या मेंटेनन्स पावत्या, असा गठ्ठा आणा. महिना उलटून गेला आणि कमिटीने लेखी काहीच कारण दिलं नाही, तर आमचे पॅनेलवरचे वकील त्यावर मत देतात आणि वरिष्ठ निर्णय घेतात. होईलच अशी हमी नाही. पण कागद नसतील तर विचारसुद्धा होत नाही.

प्रसाद_सेक्रेटरी

मी मुद्दाम या नावाने लिहितोय, कारण मी आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीचा सध्याचा सेक्रेटरी आहे. बिनपगारी. रात्री अकराला पंप बंद पडला की फोन मला येतो.

शमिकाताईंकडे मागितलेली रक्कम चुकीचीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे एक गृहस्थ दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवून फ्लॅट विकायला निघाले. रंगकाम नुकतंच झालेलं, त्याचा त्यांचा हिस्साही बाकी. आम्ही पत्र अडवलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले की कमिटी छळते. विकणारा निघून जातो, नवा माणूस म्हणतो मला माहीतच नव्हतं, आणि बिल बाकीच्या ३९ जणांच्या माथी. ज्याचं देणं बाकी आहे त्याने ते चुकतं करूनच जावं, आणि त्यासाठी पत्र अडवलं तर त्याला जाच म्हणू नये.

सहकारमित्र

प्रसादजी, खऱ्या थकबाकीच्या बाबतीत पूर्ण सहमत. सोसायटीची देणी हा त्या फ्लॅटवरचा बोजाच असतो. पण त्यासाठी पत्र अडवण्याची गरज नाही, कायद्याने संस्थेला वसुलीचा दाखला दिला आहे. पूर्वी कलम १०१ होतं, २०१९च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९. उपनिबंधकांकडून दाखला मिळाला की वसुली करता येते. थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, आदर्श उपविधींत त्याची मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. एवढी साधनं हाताशी असताना पाठकोऱ्या कागदावर हिशेब कशाला?

प्रसाद_सेक्रेटरी

पाठकोऱ्या कागदाचं समर्थन मी करत नाहीच. आमच्याकडे निघणाऱ्याला छापील ना-देय दाखला देतो, कॉलमवार: मेंटेनन्स, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती, सगळं वेगळं. एका पानात मावतं. आणि दोन्ही बाजूंना भांडायला जागा राहत नाही.

गिरगावकर_वैभव

शमिकाताई, टेम्पोत एक जागा जास्त ठेवा आणि सेक्रेटरींनाच नाशिकला न्या. तिथे तुमच्या नव्या बिल्डिंगचं पार्किंग दोन दिवसांत सरळ होईल 😄

मेधा कुलकर्णी

नको हो वैभव, नाशिककरांनी काय पाप केलंय!

संहिता_टेक्सास

मी डॅलसच्या उपनगरात राहते. इथे सोसायटीच्या जागी एचओए (घरमालकांची संघटना), आणि आपल्याला वाटतं त्याहून कडक. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला, पत्र. गवत वाढलं, पत्र. दाराचा रंग बदलायचा तर आधी आर्किटेक्चरल कमिटीची मंजुरी. दिवाळीनंतर आकाशकंदील किती दिवस ठेवायचा यावरून आमच्या गल्लीतल्या एका मराठी कुटुंबाचा बराच पत्रव्यवहार झाला.

घर विकताना इथेही एचओएकडून कागद घ्यावा लागतो, त्याला रीसेल सर्टिफिकेट म्हणतात. किती वर्गणी बाकी आहे, कुठली नियमभंगाची नोंद आहे, राखीव निधी किती, सगळं त्यात येतं. या कागदासाठी मॅनेजमेंट कंपन्या वाटेल ते पैसे लावायच्या. २०२१ साली टेक्सासने कायदा करून त्यावर ३७५ डॉलरची मर्यादा घातली आणि तोच कागद ताजा करून घ्यायला ७५ डॉलरची. म्हणजे माणूस निघताना अडवायचा, हा प्रकार तिथे आणि इथे सारखाच, आणि उपायही सारखाच: सरकारने आकडा बांधून द्यायचा.

मात्र इथली एक पद्धत मला फार आवडते. व्यवहाराच्या दिवशी मधली टायटल कंपनी एचओएचं खरं देणं विकणाऱ्याच्या पैशांतून परस्पर कापून भरते. विकणाऱ्याला कमिटीच्या दारात उभं राहावं लागत नाही आणि घेणाऱ्याच्या गळ्यातही काही पडत नाही.

बँकेतली_बाई

संहिता, हे आपल्याकडेही करता येतं. थकबाकीबद्दल वाद असेल तर तेवढ्या रकमेचा वेगळा डिमांड ड्राफ्ट सोसायटीच्या नावाने काढायचा आणि खरेदीखतात तसा उल्लेख करायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांशी नीट बोलत असतील तर यातलं बरंच सुरळीत होतं.

पल्लवी_औंध

भाडेकरूंचं कुणी बोलत नाहीये. आम्ही भाड्याचं घर सोडलं तेव्हा वॉचमनने टेम्पो गेटवरच थांबवला. मूव्ह-आउट चार्ज भरल्याशिवाय सामान बाहेर जाणार नाही म्हणे. ड्रायव्हर वेटिंगचे पैसे मोजतोय, बाळ रडतंय, फ्रिज दोरीने बांधून अर्धा टेम्पोत अर्धा बाहेर. घरमालकांनी फोनवर सेक्रेटरींना विचारलं, "ठराव दाखवा आणि पावती द्या." पाच मिनिटांत गेट उघडलं.

घरमालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (स्वतः न राहता भाड्याने दिल्याचं शुल्क) मात्र घेता येतात ना? आमच्या मालकांना मेंटेनन्सच्या दुप्पट लावले होते.

सहकारमित्र

घेता येतात, पण सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, तेही महापालिकेचा कर वगळून. १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे आणि २००७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा योग्य ठरवली आहे. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाहीत. भाडेकरू ठेवायला परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, भाडेकराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची.

ओंकार_८९

अवांतर: आमच्याकडे गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलातच छापून येते. न भरली तर पुढच्या बिलात थकबाकी म्हणून व्याजासकट. माझी गणपतीवर श्रद्धा आहे, वर्गणी मी आनंदाने देतो. पण बाप्पाच्या नावावर व्याज आकारलेलं बघून खरंच वाईट वाटलं.

केदार_डोंबिवली

ओंकार, वर्गणी ऐच्छिक असते. वेगळी पावती मागा आणि बिलातून ती ओळ काढायचं लेखी पत्र द्या. आमच्याकडे एकाने असं पत्र दिलं, पुढच्या महिन्यापासून वेगळं पावतीपुस्तक आलं.

स्नेहल_आणि_ब्रुनो

अवांतरात माझंही. आमच्या ब्रुनोला लिफ्टमध्ये घ्यायचं नाही असा ठराव बहुमताने केला. सहाव्या मजल्यावर राहतो आणि त्याचे पाय आता थकलेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या; बहुमत असलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही हे त्यांत आहे. कमिटीने वाचल्या. ठराव मागे घेतला नाही, पण लिफ्टवरची पाटी निघाली.

आबा_चिंचवड

सगळ्यांचं वाचलं. मुद्दे बरोबर आहेत. तरीही विचारतो, शमिकाताईंना जूनच्या आत निघायचं आहे. महिनाभर समितीचा, मग तक्रार, मग सुनावणी. यातलं वेळेत काय होणार ते सांगा.

सहकारमित्र

रास्त प्रश्न. क्रमाने सांगतो.

पहिलं पत्र आजच द्या. भाषा साधी: मी फ्लॅट विकत आहे, १५ दिवसांची सूचना यासोबत आहे, घेणाऱ्याची संमती जोडली आहे, बँकेच्या नमुन्यातला दाखला द्यावा. कायद्यानुसार देय प्रीमियम आणि शुल्क भरायला मी तयार आहे. विकासनिधी, सामान हलवण्याचं शुल्क आणि दंड या तीन रकमांसाठी सर्वसाधारण सभेच्या ठरावाची आणि माझ्यावर बजावलेल्या नोटिशीची प्रत द्यावी. एवढंच. रागाचं एक वाक्यही नको. मागच्या वर्षांचा पाढा वाचू नका, गादीचाही उल्लेख नको.

आवक नोंदवहीत नोंद करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय सोसायटीच्या ईमेलवर. प्रत जिल्हा हाऊसिंग फेडरेशनला आणि उपनिबंधकांना. पत्राच्या खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून दोघांची नावं दिसली पाहिजेत. आबा, बहुतेक वेळा वेळ इथेच वाचतो. जी रक्कम कागदावर लिहायची हिंमत नसते, ती ठरावाची प्रत मागितली की गळून पडते.

तरीही अडवलं, तर खरेदीखताची नोंदणी सोसायटीच्या पत्राशिवाय होऊ शकते. दुय्यम निबंधकांना (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना) ते लागत नाही. त्यानंतर घेणाऱ्याने सभासदत्वाचा अर्ज करायचा. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाल्याचं मानलं जातं, नाकारलं तर उपनिबंधकांकडे अपील करता येतं. मात्र तुमच्या घेणाऱ्यांना कर्ज हवंय, म्हणून हा मार्ग दुसरा.

मंजिरी_सातारा

माझं थोडं वेगळं आहे. आई ७६ वर्षांची, बाबा गेल्यावर मुंबईतलं घर विकून साताऱ्याला माझ्याकडे आली. कमिटीतल्या चौघांनी घरी येऊन, तिने केलेला चहा पिऊन, तिच्याकडून बिल्डिंग फंडाचा चेक लिहून घेतला. मला नंतर कळलं. ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं शेजार होता, मागितलं तर नाही कसं म्हणू?"

पैशांचं जाऊ द्या. ज्या माणसांच्या मुलांना तिने अंगाखांद्यावर खेळवलं, ती तिला निरोप द्यायला आली असं तिला वाटलं, आणि ती वसुलीला आली होती. मला अजून राग येतो. शमिकाताई, तुमच्यामागे आणखी कुणीतरी म्हातारी बाई त्याच ऑफिसात एकटी जाणार आहे. त्यासाठी तरी लेखी मागा.

आबा_चिंचवड

मंजिरी, हे वाचून गप्प झालो. माझा "देऊन मोकळे व्हा" हा सल्ला मी मागे घेतो. पत्र द्या.

वर्षा_बदलापूर

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमचीही विक्री दिवाळीनंतर आहे. बदलापूरला नगरपालिका, म्हणजे मर्यादा २५,००० नाही ना? इथले सेक्रेटरी ठाण्याचा दर सांगतायत.

सहकारमित्र

वर्षाताई, बरोबर ओळखलंत. नगरपालिका हद्दीत तिचा जो वर्ग असेल त्याची मर्यादा लागेल. वर्ग नगरपालिकेत विचारून खात्री करा आणि तो आकडा पत्रात लिहा.

शमिका_ठाणे

मंडळी, उशिरा लिहिते आहे, मधल्या काळात धावपळ होती.

सहकारमित्रांनी सांगितलं तसं पत्र दिलं. सेक्रेटरींनी पोच द्यायला नकार दिला, "अध्यक्षांना विचारून सांगतो" म्हणाले. त्याच दुपारी स्पीड पोस्टाने पाठवलं आणि ईमेलही टाकला. रविवारी अध्यक्षांचा स्वतःहून फोन. कमिटीसमोर बसलो, मी आणि नवरा दोघंही. नवऱ्याने एकच वाक्य बोलायचं असं ठरलं होतं: "ठराव आहे का?" त्याने ते तीन वेळा विचारलं.

विकासनिधीचा ठराव नव्हता. एका सदस्यांनी सांगितलं की आजवर सगळ्यांनी स्वखुशीने दिलाय. मी म्हटलं, मग माझी खुशी नाही असं इतिवृत्तात लिहा. त्यावर तो विषय संपला. ग्रिलच्या दंडाची नोटीस कधीच निघाली नव्हती, तोही गेला. प्रीमियमचा जुना ठराव निघाला, तो २५,०००चाच होता. तेवढे, हस्तांतरण शुल्काचे ५०० आणि घेणाऱ्यांची १०० रुपये प्रवेश फी चेकने भरली आणि छापील पावती घेतली.

सामान हलवण्याच्या १०,०००वर मात्र ते अडून बसले. लिफ्ट खराब होते म्हणे. शेवटी परत मिळणारी अनामत म्हणून दिले, पावतीवर "परतावा" शब्द लिहून घेतला. सामान हलल्यावर लिफ्टच्या आरशाला ओरखडा पडला म्हणून त्यातले २,००० कापले. ओरखडा आधीचा होता, पण माझ्याकडे आधीचा फोटो नव्हता आणि तेवढ्यासाठी नाशिकहून पुन्हा ठाण्याला जायची ताकद उरली नव्हती. तेव्हा पुढच्या माणसाने टेम्पो येण्याआधी लिफ्ट, जिना आणि लॉबीचे फोटो तारखेसकट काढून ठेवावेत.

बँकेच्या नमुन्यातलं पत्र मिळालं. घेणाऱ्यांचं कर्ज मंजूर झालं, खरेदीखत झालं. सगळ्यांचे, विशेषतः सहकारमित्र आणि बँकेतली बाई यांचे मनापासून आभार. आणि मंजिरी, तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.

प्रसाद_सेक्रेटरी

अभिनंदन शमिकाताई. आमच्या ना-देय दाखल्याचा नमुना इथे टाकायला हरकत नसेल तर टाकतो. कमिटीत असलेल्यांनी तो उचलून वापरावा.

केदार_डोंबिवली

नक्की टाका. शमिकाताईंचं पत्रही नाव-पत्ता काढून टाका, म्हणजे दोन्ही एकत्र राहतील.

शमिका_ठाणे

आज रात्री टाकते.

वर्षा_बदलापूर

सहकारमित्र, आणखी एक. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, ते गेल्या वर्षी वारले, नामनिर्देशन माझ्या दिरांचं आहे. मग विक्रीची सूचना कुणी द्यायची?

सहकारमित्र

वर्षाताई, तो विषय मोठा आहे. नामनिर्देशित व्यक्ती वेगळी आणि वारस वेगळे, आधी सभासदत्व कुणाच्या नावे येतं तिथूनच सुरुवात करावी लागेल. तुम्ही नवा धागा काढा आणि घरात वारस किती, मृत्युपत्र आहे का, भागदाखल्यावर कुणाचं नाव आहे, एवढं त्यात लिहा. मी तिथे उत्तर देतो.